अंगावरचं दूध पुरतंय का, आणि लागलेली बाटली कशी कमी करायची

ताई, तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडते, म्हणजे उत्तर कशावर बेतलंय ते तुम्हालाही दिसेल. पहिलं बाळंतपण, ३८ आठवडे पूर्ण, सिझेरियन. मुलगी जन्मली तेव्हा २.९ किलो. पाचव्या दिवशी घरी निघताना २.६८. आज नववा दिवस, वजन २.७४. दिवसाला सहा-सात वेळा शू, तीन-चार वेळा पिवळी शी. रात्री तासातासाला उठून रडते. पंप लावला तर दोन्ही बाजूंचं मिळून जेमतेम २० मिली निघालं. सासूबाई म्हणाल्या दूध पुरत नाही, म्हणून पाचव्या दिवसापासून रोज दोनदा ६० मिली पावडरचं दूध बाटलीने चालू आहे. निपलला चिरा पडल्यात. आणि तुमचा प्रश्न आहे, दूध वाढायला काय खाऊ?

खाण्याकडे येईन, पण ते शेवटी. आधी दोन गोष्टी ठरवायला हव्यात. बाळाला खरंच कमी पडतंय का, आणि पडत असेल तर दूध बनत नाहीये की बनलेलं बाळाला नीट ओढता येत नाहीये? उपाय यावरून ठरतो. तुमच्या वर्णनावरून मला दुसरी शक्यता जास्त वाटते, आणि निपलच्या चिरा हा त्यातला सगळ्यात मोठा धागा आहे.

आकड्यांपासून सुरुवात करू. पहिल्या चार-पाच दिवसांत बाळाचं वजन उतरतंच. तुमच्या लेकीचं २२० ग्रॅम उतरलं, म्हणजे जन्मवजनाच्या साडेसात टक्क्यांच्या आसपास. दहा टक्क्यांच्या पुढे गेलं असतं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा म्हटलं असतं. सिझेरियनमध्ये आईला भरपूर सलाईन लागतं, त्यातलं थोडं पाणी बाळाकडेही जातं आणि जन्मवजन किंचित फुगलेलं दिसतं. त्यामुळे साडेसात टक्के घट पाहून मी घाबरणार नाही. पुढचं मात्र बघायला हवं. पाचव्या दिवसानंतर बाळाने रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढावं आणि दहा ते चौदा दिवसांत जन्मवजनाला परत यावं. तुमची मुलगी चार दिवसांत ६० ग्रॅम वाढली, म्हणजे रोज १५. हे कमीच आहे, आणि तेही वरचं दूध चालू असताना. म्हणून ‘काही होत नाही, सगळं बंद करून नुसतं अंगावर पाजा’ असं मी म्हणणार नाही. ते बाळाच्या जिवावर घेतलेलं धाडस होईल.

पण हाच हिशेब दुसऱ्या बाजूने करून बघा. या वयाच्या आणि वजनाच्या बाळाला दिवसभरात साधारण ४०० मिली दूध लागतं. तुम्ही वरून देताय १२० मिली. सहा-सात लंगोट नीट ओले होताहेत, शी काळ्याची हिरवट आणि हिरवटाची पिवळी झाली आहे. म्हणजे उरलेल्यातला बराच भाग ती तुमच्याकडूनच घेतेय. दूध आटलेलं नाही.

एक तपासून घ्या: दोन्ही वजनं एकाच काट्यावर, झबलं-लंगोट काढून केली होती का? दवाखान्याचा काटा आणि मेडिकलमधला काटा यांत ५०-६० ग्रॅमचा फरक सहज असतो. तसं असेल तर वरचा सगळा हिशेब डळमळतो. आज किंवा उद्या एका काट्यावर उघडं वजन करा आणि पुढची सगळी वजनं त्याच काट्यावर घ्या.

ज्या खुणांवरून घरात ‘दूध कमी आहे’ असं ठरलं, त्यांतल्या बहुतेक फसव्या आहेत. पंपात २० मिली आलं, यावरून पंपाने किती काढलं तेवढं कळतं. नीट लागलेलं बाळ पंपापेक्षा जास्त ओढतं, आणि दुखत असताना, घाईत, कोणी शेजारी उभं राहून बघत असताना पान्हा फुटतच नाही. पान्हा फुटण्यासाठी ऑक्सिटोसिन हे संप्रेरक लागतं, आणि दुखणं व धास्ती त्याच्या आड येतात. (म्हणूनच डॉक्टरांनी लिहून दिलेली पॅरासिटामॉल वेळेवर घ्या. टाके दुखत असताना सोसत बसून दूध वाढत नाही, आणि ती गोळी अंगावर पाजताना चालते.) छाती पहिल्यासारखी भरत नाही, हीसुद्धा कमतरतेची खूण नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवसाचा तो ताठरपणा सूजेचाही असतो, तो उतरणारच. बाटली दिली की गटागटा पिते, हेही पुराव्यात धरू नका. बाटलीतून दूध आपोआप वाहतं आणि बाळाला गिळण्याशिवाय पर्याय नसतो. रात्रीचं रडणं भुकेचं असू शकतं, तसंच नऊ महिने पोटात राहिलेल्या जिवाला आईच्या अंगाची ऊब हवी असते म्हणूनही असू शकतं.

माझा भरवसा तीन गोष्टींवर असतो: लंगोट, वजन आणि पिताना ऐकू येणारं गिळणं. सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा भरपूर ओल्या शू आणि तीन-चार पिवळ्या, सैलसर शी असाव्यात. शू गडद पिवळी असेल किंवा लंगोटावर विटकरी-नारिंगी डाग दिसत असेल तर पाणी कमी पडतंय. शी अजून काळी-हिरवी असेल तर दूध कमी जातंय. तुमच्याकडे यातलं काही नाही.

आता बाटलीचं गणित. स्तन ही साठवणीची टाकी नाही. जेवढं दूध निघतं, तेवढं पुन्हा बनतं. दूध आत साठून राहिलं की शरीराला ‘गरज नाही’ असा निरोप जातो आणि बनणं मंदावतं. ६० मिली पावडर प्यायलेलं बाळ तीन-चार तास जड झोपतं, तेवढ्यात अंगावर पाजायच्या एक-दोन वेळा चुकतात, छाती रिकामी होत नाही, दुसऱ्या दिवशी दूध थोडं कमी येतं आणि बाटली आणखी गरजेची वाटते. कोणाचंही चुकलेलं नसताना महिन्याभरात खरंच दूध कमी झालेलं असतं. म्हणून वरचं द्यावं लागलं तरी ते अशा रीतीने द्यायचं की छातीला मिळणारा निरोप थांबू नये.

पण पहिलं काम बाळ नीट लावण्याचं. चिरा पडल्यात म्हणजे ती नुसतं निपल चघळतेय, असंच मी धरून चालते. सिझेरियननंतर बाळ पोटावर घेतलं की टाक्यांवर भार येतो, म्हणून आई नकळत बाळाला लांब धरते, आणि निपल तोंडाच्या पुढच्या भागात, कडक टाळूवर घासत राहतं. दोन बैठका वापरून बघा. पहिली काखेतली: उशीवर बाळ तुमच्या कुशीलगत, पाय तुमच्या पाठीकडे, मान-पाठ तुमच्या हाताच्या आधारावर. दुसरी कुशीवर झोपून: बाळ तुमच्याकडे तोंड करून, पोटाला पोट लावून, त्याच्या पाठीशी गुंडाळलेलं दुपटं. दोन्हीत टाक्यांना धक्का लागत नाही. रात्री कुशीवर पाजताना झोप येतेच, म्हणून पलंगावर बाळाच्या तोंडाजवळ गोधड्या-उशा नकोत आणि सोफ्यावर तर असं पाजूच नका.

बाळाचा कान, खांदा आणि कंबर एका रेषेत हवी; मान वळवून आपल्यालाही पाणी पिता येत नाही. नाक निपलसमोर येऊ द्या. निपल वरच्या ओठावर हलकेच फिरवा आणि जांभईसारखं तोंड उघडेपर्यंत थांबा. उघडलं की बाळाला तुमच्याकडे आणा, हनुवटी आधी टेकवा. तुम्ही पुढे वाकू नका, त्याने पाठही जाते. डोकं मागून दाबू नका, हात मानेच्या खाली ठेवा. नीट लागलेलं बाळ असं दिसतं: हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, निपलभोवतीचा काळा भाग वरच्या ओठाच्या वर जास्त आणि खाली जवळजवळ दिसत नाही, गाल भरलेले, आत ओढलेले नाहीत. सुरुवातीला भरभर चोखते, मग चोखणं संथ, खोल होतं आणि दर एक-दोन चोखण्यांमागे ‘कँ’ असा बारीक गिळण्याचा आवाज येतो. तो आवाज हवा. टिचटिच आवाज येतोय, गालांना खळगे पडताहेत किंवा पहिल्या अर्ध्या मिनिटानंतरही दुखतंय, तर करंगळी तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत घालून तोंड सोडवा आणि पुन्हा लावा. ओढून काढलंत तर चीर वाढेल. सुटल्यावर निपलकडे बघा: लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं चेपलेलं असेल तर लागणं अजून उथळ आहे.

चिरांवर पाजून झाल्यावर स्वतःचंच दोन थेंब दूध लावून हवेवर वाळू द्या. दर वेळी साबणाने धुऊ नका. लागणं सुधारलं की चिरा सहसा दोन-चार दिवसांत भरू लागतात. तीच तुमची पावती.

पुढचे तीन दिवस असं करा. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचं. घड्याळ फक्त एकाच कामाला: दिवसा तीन आणि रात्री चार तासांहून मोठी खंड पडू द्यायची नाही. बाकी ती ओठ चाटू लागली, मुठी तोंडाकडे न्यायला लागली, डोकं इकडेतिकडे फिरवू लागली की लगेच घ्यायचं. रडणं ही भुकेची शेवटची पायरी आहे, आणि रडणाऱ्या बाळाची जीभ टाळूला लागलेली असते, तेव्हा लावता येत नाही. एका बाजूला गिळणं थांबलं पण चोखणं चालूच आहे, अशा वेळी अंगठा वर आणि बोटं खाली ठेवून स्तन हलकेच दाबून धरा; दूध पुढे येतं आणि ती पुन्हा गिळायला लागते. गिळणं थांबलं की सोडा. हेही पुरेनासं झालं की दुसरी बाजू. मध्येच झोपली तर अंगावरचं दुपटं काढा, लंगोट बदला, पाठीवरून हात फिरवा. रात्रीचं पाजणं चुकवू नका, कारण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं. ‘सूनबाईला झोपू दे, रात्रीची बाटली मी देते’ हा प्रेमळ बेत नेमका इथेच महाग पडतो.

दिवसातून पाच-सहा वेळा, पाजून झाल्यावर, दहा-पंधरा मिनिटं हाताने दूध काढा. हात धुऊन अंगठा आणि पहिलं बोट निपलपासून दोन-तीन सेंटिमीटर मागे, समोरासमोर ठेवा. आधी छातीच्या पिंजऱ्याकडे मागे दाबा, मग दोन्ही बोटं एकमेकांकडे आणा, मग सोडा. बोटं कातडीवर घसरवत निपलकडे आणू नका, नुसती आग होते. पहिली दोन-तीन मिनिटं काही येत नाही, म्हणून बायका सोडून देतात. तेव्हा सोडू नका. जागा फिरवत राहा. आधी पाच मिली आलं तरी ते सोनं आहे, उकळलेल्या स्वच्छ वाटीत घ्या. खोलीत चार तास टिकतं. विदर्भातल्या उन्हाळ्यासारखी गरमी असेल तर लगेच फ्रिजमध्ये आत, दारात नको.

वरचं दूध एकदम बंद करायचं नाही. तेवढंच १२० मिली, पण ६० च्या दोन बाटल्यांऐवजी ३० मिली चार वेळा, अंगावर दोन्ही बाजू पाजल्यानंतर, वाटी-चमच्याने. त्या १२० मध्ये आधी तुमचं काढलेलं दूध धरायचं आणि कमी पडेल तेवढीच पावडर. उदाहरणार्थ, दिवसाचं तुमचं ४० निघालं तर पावडर ८०. चमचा ओठांना टेकवायचा आणि तिने जिभेने ओढायचं, घशात ओतायचं नाही. बाळ उभट धरायचं, आडवं नाही. वीस मिनिटं लागली तरी चालेल.

पावडर बनवताना दोन चुका सर्रास दिसतात. एक, काटकसर म्हणून किंवा ‘जड पडेल’ म्हणून पातळ करणं. त्यात पोट पाण्याने भरतं आणि वजन थांबतं. डब्यावर लिहिलेल्या पाण्याला डब्यातल्याच चमच्याचा सपाट मापाचा हिशेब, त्यात बदल नाही. दोन, गार झालेल्या पाण्यात पावडर कालवणं. पावडर निर्जंतुक नसते. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, चांगलं गरम म्हणजे ७० अंशांच्या वर असताना पावडर घाला, मग भांडं गार पाण्यात धरून कोमट करा, मनगटावर थेंब टाकून बघा. उरलेलं पुढच्या वेळेला ठेवू नका. आणि पावडरीऐवजी गाईचं दूध पाणी घालून द्यायचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. त्यात लोह अगदी कमी आणि प्रथिनं-क्षार या वयाच्या मूत्रपिंडांना जास्त असतात.

मातृदुग्ध पेढीबद्दलही, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध जिथे साठवतात त्या जागेबद्दलही, कोणी सुचवेल. १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात आशियातली पहिली पेढी सुरू झाली, आता अनेक ठिकाणी आहेत. पण तिथलं दूध प्रामुख्याने अतिदक्षता विभागातल्या कमी दिवसांच्या बाळांसाठी असतं. तुम्हाला ती गरज नाही.

तीन दिवसांनी त्याच काट्यावर वजन. ६० ते ९० ग्रॅम वाढलं असेल तर दर दोन दिवसांनी ३० मिली पावडर कमी करत जा आणि आठवड्याला दोनदा वजन करा. आधी सकाळचं वरचं दूध बंद करा, तेव्हा छाती भरलेली असते. संध्याकाळचं शेवटी, कारण त्या वेळी बाळं तासातासाला मागतातच. वाढ ६० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर वरचं कमी करू नका आणि बाळाच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा.

आणि इथे परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलतं, तेही सांगते. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला असेल, अंगावरून जाणारं रक्त अजून जास्त, घाण वासाचं किंवा गाठींचं असेल (वारेचा तुकडा राहिला तर दूध उतरायलाच अडचण येते), थायरॉइडची गोळी चालू असून बाळंतपणानंतर तपासणी झालेली नसेल, स्तनावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा गरोदरपणात छातीत काहीच बदल जाणवला नसेल, तर वरचे सगळे प्रयत्न करूनही दूध कमी राहू शकतं. तेव्हा कारण शोधायला हवं. बाळाच्या बाजूने: जिभेखालचा पडदा घट्ट असेल, जीभ खालच्या ओठापर्यंत येत नसेल, तर तोंड तपासून घ्या. अशा वेळी थोडं अंगावरचं, थोडं वरचं हे कायमचं गणित झालं तरी ते चांगलंच आहे. जेवढं अंगावरचं जाईल तेवढा तिचा फायदा.

आता खाणं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, बाजरीची भाकरी, खोबरं, तीळ: खा, मनापासून खा. बाळंतिणीला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात आणि हे पदार्थ त्या देतात, अळिवातून लोह मिळतं. पण ते दूध बनवण्याचं बटण नाहीत. छाती रिकामी होत नसेल तर दहा लाडवांनीही दूध वाढणार नाही. वरण-भात, उसळी, पालेभाज्या, अंडी-मासे चालत असतील तर तेही. ‘वातूळ’ म्हणून डाळी-भाज्या बंद करू नका. तहान लागेल तेवढं पाणी, पाजायला बसताना शेजारी तांब्या. लोहाच्या गोळ्या आणि कॅल्शियम सहा महिने चालू ठेवा.

बाळाला मात्र दूध आणि डॉक्टरांनी सांगितलेले डी जीवनसत्त्वाचे थेंब (साधारण ४०० युनिट) याखेरीज काही नाही. मध नको: त्यातल्या बीजाणूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बॉट्युलिझम हा विषबाधेचा आजार होऊ शकतो, अंग लुळं पडतं. पाणी, ग्राइप वॉटर, गुटी सहा महिने नको. गुटीबद्दल घरात वाद होईल, म्हणून कारण सांगते. वेखंड, जायफळ यांचे वेढे सहाणेवर किती उतरले याला माप नसतं. जायफळ जास्त झालं तर बाळ गुंगतं, आणि गुंगलेलं बाळ पीत नाही. ‘गुटीने शांत झोपलं’ हे वाक्य म्हणूनच मला काळजीचं वाटतं. शिवाय सहाण, पाणी, बोट यांतून जंतू जातात.

सासूबाईंना काम द्या, त्यांची काळजी खरी आहे. लंगोटांचा तक्ता भिंतीवर लावून त्यांनीच खुणा करायच्या. पाजल्यावर ढेकर काढायला बाळ त्यांच्या खांद्यावर. वाटी-चमचा त्यांच्या हातात. गिळण्याचा आवाज त्यांनाही ऐकवा. तो ऐकला की ‘दूध नाही’ हे बोलणं सहसा आपोआप थांबतं. शेक-शेगडी करणार असाल तर बंद खोलीत कोळसा पेटवून नको.

गावात किंवा वस्तीत आशाताई येत असतील तर त्यांना बोलवा. सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी येऊन वजन-ताप बघायचं असतं. घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेच्या कामातून पुढे आली. त्यांच्याकडचा काटा वापरला तर वजनासाठी बाहेर पडावं लागणार नाही.

यातलं एकही दिसलं तर तीन दिवसांची वाट बघायची नाही, रात्र असली तरी निघायचं: दोन वेळा सलग प्यायलाच नाही किंवा उठवूनही उठत नाही, आठ तासांत शू नाही, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत, शांत असताना पूर्ण मिनिट मोजल्यावर श्वास ६० किंवा जास्त, किंवा छातीखाली खळगा पडतोय, कपडे सैल करूनही काखेत ९९.५ च्या वर ताप, किंवा छातीशी धरूनही अंग गार, झटके, नाळेभोवती लाली, पू, हिरवी उलटी. आणि तुम्हाला थंडी वाजून ताप, स्तनावर लाल तापलेला पट्टा, टाक्यांतून पाणी, पोटरी दुखून सुजणं यातलं काही असेल तर स्वतःला दाखवा. स्तनाच्या लालीत त्या बाजूने पाजणं थांबवायचं नसतं. १०८ ला फोन करा. सरकारी रुग्णालयात नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत.

आज संध्याकाळी एवढंच करा: काखेतल्या बैठकीत एकदा लावून बघा आणि गिळण्याचे आवाज मोजा. उद्याचं उघडं वजन आणि चोवीस तासांतले लंगोट इथेच लिहा, म्हणजे पावडर कधी कमी करायची ते नेमकं सांगता येईल.